सुईवाचून औषध : विजेचे वचन आणि विजेची मर्यादा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या सोसायटीतले आप्पा दारात येऊन उभे राहिले. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात मोबाइल. चेहऱ्यावर थोडा संकोच, थोडी उत्सुकता. म्हणाले, "बाई, तुम्ही आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलंत. हे खरं की खोटं, एवढंच सांगा."

मोबाइलवर एक जाहिरात होती. दंडावर चिकटवायची पट्टी, तिच्यात बसवलेली नखाएवढी बॅटरी आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन, की आता इन्सुलिन सुईवाचून, विजेच्या सौम्य लहरींनी, थेट त्वचेतून! आप्पा गेली अठरा वर्षे मधुमेही आहेत. सकाळ-संध्याकाळ पोटाला सुई टोचून घेतात आणि दर वेळी डोळे मिटून घेतात, असे त्यांच्या पत्नी सांगतात. "पट्टी आली की सुया बंद," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजातला तो सुटकेचा सूर ऐकून मी जरा थबकले.

कारण 'सगळे थोतांड आहे' असे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण ते खरे नव्हते. विजेच्या साहाय्याने त्वचेतून औषध शरीरात सोडता येते, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. या विद्येला आयंटोफोरेसिस असे लांबलचक नाव आहे. इतकेच नव्हे, तर दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात या विद्येने एका मुलीचे आयुष्य बरेच सुसह्य केले होते. मग आप्पांना 'नाही' म्हणायचे ते कशाच्या आधारावर? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवते आहे. आप्पांच्या मोबाइलवर आलेली जाहिरात उद्या तुमच्याआमच्या मोबाइलवरही येणार आहे.

ओल्या तळव्यांची गोष्ट

माझ्या पुतणीच्या तळहातांना लहानपणापासून घाम येतो. घाम म्हणजे नुसता ओलावा नव्हे; अक्षरशः थेंब ठिबकत. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल, हाताखाली टीपकागद, तरीही शाई पसरायची. मोबाइल तिच्या बोटाचा ठसा ओळखत नसे. कोणी हात पुढे केला की ती नमस्कार करायची. लोकांना वाटे, मुलगी किती संस्कारी! त्यामागचे कारण फक्त घरच्यांना ठाऊक होते.

अखेर एका त्वचारोगतज्ज्ञांनी उपाय सांगितला. दोन उथळ ट्रे, त्यांत नळाचे साधे पाणी, दोन्ही ट्रेंत एकेक विद्युतअग्र. दोन्ही तळहात पाण्यात बुडवून बसायचे आणि पंधरा-वीस मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सुमारे वीस मिनिटे सोडायचा. सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा. पहिल्या दिवशी मुंग्या आल्यासारखे वाटले म्हणून ती घाबरली. चौथ्या आठवड्यात तिने कोरड्या हाताने माझा हात धरला आणि काही न बोलता धरूनच ठेवला.

गंमत अशी, की या उपचारात औषध असे काही नव्हतेच. होते ते नळाचे पाणी. पाण्यातले भारित कण त्वचेत शिरतात आणि घर्मग्रंथी काही काळ शांत होतात. आजार मुळापासून जात नाही. अधूनमधून पुन्हा बैठक घ्यावी लागते. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी व गर्भवतींनी हा उपचार घ्यायचा नसतो. इतक्या अटींसह का होईना, पण तो काम करतो. १९६८ साली यासाठी घरी वापरता येण्याजोग्या साध्या उपकरणाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले, तेव्हापासून जगभर तो चालू आहे.

किल्ला आणि त्याची वेस

आता हे घडते कसे ते पाहू. आपली त्वचा म्हणजे शरीराचा किल्लाच. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. जाडी जेमतेम दहा ते वीस मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी. पण पेशींच्या विटा आणि मधे स्निग्ध पदार्थांचा चुना अशी त्याची बांधणी इतकी घट्ट, की फारसे काही आत शिरत नाही. शिरू शकतात ते फक्त लहान आणि तेलात विरघळणारे रेणू. सर्वसाधारण ठोकताळा असा, की रेणुभार ५०० च्या वर गेला की दार बंद. निकोटीनचा रेणुभार १६२. म्हणून सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी निकोटीनची साधी पट्टी चालते. तिला वीज लागत नाही. अमेरिकेत अशा साध्या औषधी पट्टीला पहिली मान्यता १९७९ साली मिळाली, ती प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून कानामागे लावायच्या पट्टीला.

जे औषध पाण्यात विरघळते आणि ज्याच्या कणांवर धन किंवा ऋण विद्युतभार असतो, त्याला मात्र ही वेस ओलांडता येत नाही. तेथे वीज उपयोगी पडते. आठवीनववीत आपण शिकतो, की समान भार एकमेकांना दूर ढकलतात. औषधाचे कण धनभारित असतील तर ते धन विद्युतअग्राखाली ठेवायचे, ऋणभारित असतील तर ऋण विद्युतअग्राखाली. दुसरे अग्र शरीरावर जवळच कोठेतरी लावून वर्तुळ पूर्ण करायचे. प्रवाह सुरू झाला की अग्र आपल्यासारख्या कणांना ढकलते आणि ते त्वचेतून, विशेषतः घामाच्या व केसांच्या रंध्रांतून, आत जातात. प्रवाह बंद केला की ढकलणेही थांबते. गोळी एकदा गिळली की परत घेता येत नाही. येथे बटण हाती राहते. या उपचाराचे खरे आकर्षण तेच आहे.

आपल्याकडे फिजिओथेरपीच्या दवाखान्यात 'करंटचा शेक' घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक लक्षात घ्यावे. तेथली बरीचशी यंत्रे केवळ नसांना आणि स्नायूंना चेतवतात. त्यांतून औषध जात नाही. औषध ढकलायचे तर प्रवाह एकाच दिशेने वाहणारा लागतो आणि पॅडमध्ये भारित औषध असावे लागते. ब्यूटी पार्लरमधले 'गॅल्व्हॅनिक फेशियल' हे याच तत्त्वाचे दूरचे भावंड. पण पार्लरमध्ये नेमके काय आणि किती आत गेले, हे कोणी मोजत नाही.

एक वकील, एक मठाधिकारी आणि दोन ससे

मोजण्याचा हा प्रश्न फार जुना आहे. १७४० च्या दशकात व्हेनिसमध्ये पिवाती नावाचे एक गृहस्थ होते. पेशाने वकील, पण विजेचे मोठे शौकीन. काचेच्या नळीत औषध बंद करून नळी घासून विद्युतभारित केली, की औषधाचा गुण काचेतून बाहेर पडून रोग्याच्या शरीरात शिरतो, असा दावा त्यांनी केला. युरोपभर खळबळ उडाली. त्या वेळी फ्रान्समध्ये आबे नोले हे विजेचे नामांकित अभ्यासक होते. त्यांनी घरी हा प्रयोग करून पाहिला, काही घडेना. तेव्हा १७४९ साली ते स्वतः इटलीला गेले आणि ज्यांनी ज्यांनी दावे केले होते त्यांना भेटून म्हणाले, माझ्यासमोर करून दाखवा. पिवातींना ते दाखवता आले नाही.

यानंतर दीडशे वर्षांनी फ्रान्समधल्याच नांत शहरात स्टेफान लदुक या प्राध्यापकाने एक निष्ठुर, पण वादाला जागा न ठेवणारा प्रयोग केला. दोन ससे एकाच विद्युतवर्तुळात जोडले. एकाच्या अंगावर धन अग्राखाली स्ट्रिक्निन या विषाचे पॅड, दुसऱ्याच्या अंगावर ऋण अग्राखाली सायनाइडचे पॅड. प्रवाह सोडताच पहिला ससा झटके येऊन मेला, दुसरा सायनाइडच्या विषबाधेने. मग दुसऱ्या जोडीवर तोच प्रयोग फक्त अग्रे उलटी करून केला. दोन्ही ससे सुखरूप राहिले! विष तेच, वीज तीच. दिशा बदलली आणि विष त्वचेबाहेरच राहिले. मुक्या प्राण्यांचे बळी आज मनाला टोचतात, पण विसाव्या शतकाच्या आरंभी ही गोष्ट कायमची सिद्ध झाली.

पिवाती आणि लदुक यांच्यातला फरक विजेचा नाही. एकाने सांगितले, दुसऱ्याने दाखवले, तेही उलटसुलट तपासून.

मिठाची चाचणी

या विद्येने सर्वांत मोठे काम केले ते गाजावाजा न करता. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात फुप्फुसांत चिकट स्राव साचतो, अन्न पचत नाही, मूल खंगत जाते. अशा मुलांच्या घामात मीठ फार असते, हे १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये लक्षात आले. पण तपासण्यासाठी घाम काढायचा कसा? आजारी तान्ह्या मुलांना प्लॅस्टिकमध्ये, ब्लँकेटमध्ये गुंडाळून घाम काढीत. त्यातून उष्माघाताचा धोका असे. १९५९ साली बाल्टिमोरच्या गिब्सन आणि कुक या डॉक्टरांनी वाट काढली. पायलोकार्पिन हे घाम आणणारे औषध मुलाच्या हातावर सौम्य प्रवाहाने काही मिनिटे आत ढकलायचे आणि तेवढ्याच जागेचा घाम टिपून घ्यायचा. क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक निघाले, की निदान जवळजवळ पक्के. आज जनुकीय तपासणी आली, तरी हीच चाचणी प्रमाण मानली जाते.

हा आजार भारतात नाहीच, असे आपल्याकडे दीर्घकाळ मानले जाई. तपासणीची साधनेच नव्हती, मग आजार दिसणार कसा? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी देशी बनावटीची, परवडणारी घामचाचणी तयार केली आणि २००२ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. नुसत्या न्यूमोनियाच्या नावाखाली वारंवार इस्पितळात येणाऱ्या काही मुलांना त्यांच्या खऱ्या आजाराचे नाव मिळण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

जेथे पैसा हरला

हे यश पाहून मोठ्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या नसत्या तरच नवल. त्यांची कहाणी मात्र डोळे उघडणारी आहे.

२००१ साली अमेरिकेत 'ग्लुकोवॉच' या मनगटी यंत्राला मान्यता मिळाली. त्यात ही विद्या उलटी वापरली होती. औषध आत ढकलण्याऐवजी त्वचेतून साखर बाहेर ओढायची आणि दर वीस मिनिटांनी मोजायची. रक्त न काढता साखर कळणार म्हणून मधुमेहींना केवढा आनंद झाला! प्रत्यक्षात यंत्र तयार व्हायला तीन तास लागत. जुळवणीसाठी बोटाला सुई टोचावीच लागे. घाम आला की मोजणी चुके आणि त्वचा लाल होई. २००७ मध्ये ते बंद पडले.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी 'आयॉनसिस' नावाची पट्टी निघाली. रुग्णाने बटण दाबले की दहा मिनिटांत ४० मायक्रोग्रॅम फेंटानिल आत जाई. २००६ मध्ये युरोप-अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. २००८ मध्ये युरोपात विक्री सुरू झाली आणि त्याच वर्षी एका भागाला गंज चढल्याचे आढळले. गंजामुळे पट्टी बटण न दाबताच औषध सोडू शकली असती. फेंटानिल हे अफूच्या जातीचे अतितीव्र औषध. जास्त गेले तर श्वास थांबतो. पट्टी परत घेतली गेली. २०१५ मध्ये सुधारून ती पुन्हा आली आणि २०१७ मध्ये पुन्हा गेली.

तिसरी कथा 'झेक्युइटी'ची. अर्धशिशी असणाऱ्यांना ठाऊक असेल, की डोके ठणकायला लागले की उलट्या सुरू होतात आणि गोळी पोटात राहत नाही. त्यावर दंडाला किंवा मांडीला लावायची ही बॅटरीची पट्टी. चार तासांत साडेसहा मिलिग्रॅम सुमाट्रिप्टान शरीरात सोडणारी. कल्पना उत्तम, गरज खरी. २०१३ मध्ये मान्यता, सप्टेंबर २०१५ मध्ये विक्री. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केले, की अनेक रुग्णांना भाजल्याच्या जखमा आणि व्रण झाले आहेत. कंपनीने विक्री थांबवली.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही पट्ट्यांतली औषधे जुनी आणि परिचित होती. घात झाला तो यंत्राकडून. मुळात या उपचारात भाजण्याचा धोका असतोच. विद्युतअग्रापाशी पाण्याचे विघटन झाले की एका बाजूला आम्ल आणि दुसऱ्या बाजूला अल्कली तयार होते. पॅड कोरडे पडले, त्वचेवर बारीक चीर असली, तर सगळा प्रवाह त्या एकाच बिंदूतून घुसतो. दवाखान्यात परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट लक्ष ठेवून असते. घरी वेदनेने तळमळणारा माणूस एकटा असतो.

आप्पांसाठी मांडलेला हिशेब

एवढे वाचल्यावर मी वहीवर एक गणित मांडले. फॅरडेने १८३० च्या दशकात घालून दिलेला नियम आहे, की किती पदार्थ सरकेल हे प्रवाह आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर सोडला आणि सगळा भार केवळ औषधानेच वाहून नेला असे धरले, तरी ३०० रेणुभाराचे एकेरी भाराचे औषध जेमतेम ११ मिलिग्रॅम आत जाईल. प्रत्यक्षात शरीरातले सोडियम आणि क्लोराइडही तोच भार वाहतात. ते लहान आणि चपळ. औषधाच्या वाट्याला शेकडा थोडेच येते. म्हणजे मधुमेहाची पाचशे मिलिग्रॅमची मेटफॉर्मिनची गोळी या वाटेने देणे अशक्य.

आणि इन्सुलिन? ते वजनाने कमी लागते. चाळीस युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण त्याचा रेणुभार सुमारे ५८०० आहे. विजेने वेस किलकिली होते, सताड उघडत नाही. प्रयोगशाळांत दशकानुदशके प्रयत्न झाले. तरी सुईची जागा भरवशाने घेईल असे विजेच्या पट्टीचे इन्सुलिन दवाखान्यात पोहोचलेले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अशी पट्टी खरोखर निघाली असती, तर तिची बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली असती, जाहिरातीत दडून बसली नसती.

कायदाही आपल्या बाजूला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. कमी जोखमीच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त जोखमीच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने मनाई आहे. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. तेव्हा असे यंत्र कोणी विकायला आले, तर चार प्रश्न विचारावेत. औषध कोणते? तासाला किती आत जाते? परवाना क्रमांक काय? आणि नोलेंनी विचारलेला जुनाच प्रश्न, हे कोणासमोर करून दाखवले आहे?

आप्पांनी हे चारही प्रश्न त्या विक्रेत्याला मोबाइलवरून लिहून पाठवले. उत्तर आले ते एवढेच : आज मागवल्यास निम्म्या किमतीत. आप्पा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सुई काही सुटत नाही."

मला वाईट वाटले. विज्ञानाची बाजू घेणाऱ्याला असे क्षण पुष्कळ येतात. समोरच्याची आशा आपण काढून घेतो आणि हाती फक्त आकडे देतो. म्हणून मी त्यांना विचारले, तुमची सुई किती लांबीची आहे? त्यांना ठाऊक नव्हते. अठरा वर्षांपूर्वी जी दाखवली होती, तीच पद्धत चालू होती. इन्सुलिनच्या पेनला आता अवघ्या चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक सुई मिळते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते आणि त्यांनी कोणाला विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते आपल्या डॉक्टरांकडे गेले.

परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, अजून डोळे मिटतो, पण आता सवयीने." मग मोबाइल काढून त्यांनी ती जाहिरात माझ्यासमोर पुसली आणि विचारले, "तक्रार कुठे करायची म्हणालात?"